पाकिटाची मागची बाजू

आमचे भावोजी लेखक आहेत. हे मी म्हणत नाही, तेच म्हणतात. चारचौघांत ताईनं 'आमचे हे कंपनीत असतात' अशी ओळख करून दिली की त्यांचा चेहरा उतरतो आणि मग स्वतःच पुढे होऊन ते सांगतात, 'मी लेखन करतो.' समोरचा बिचारा विचारतो, काय लिहिता? तिथं मात्र भावोजी जरा खोकतात. कारण भावोजी पाकिटाची मागची बाजू लिहितात.

पुढच्या बाजूचं चित्र आणि नाव दुसरंच कुणी करतं. उलट्या अंगाला बारीक अक्षरांत जे असतं ना, 'हजारो वर्षांपूर्वी डोंगरातले योद्धे लढाईला निघण्याआधी मूठभर बिया चावून खात', ते आमच्या भावोजींचं. हे योद्धे कुठल्या डोंगरातले, कुणाशी लढले, जिंकले की मार खाऊन परत आले, हे विचारायचं नाही. पाकिटावर तेवढी जागा नसते.

याआधी ते गाद्यांच्या कंपनीत होते. तिथं त्यांनी कापसावर इतकं हळवं लिहिलं की वाचून झोप उडावी. मग बुटाच्या पॉलिशवर वर्षभर घासले. आणि मग ही कंपनी मिळाली. इथं पोत्यांनी बिया येतात, वाळवलेली आंबट फळं येतात, पाल्याच्या आणि शेवाळाच्या पावडरी येतात, आणि छोट्या चकचकीत पाकिटांत भरून 'सुपरफूड' म्हणून बाहेर पडतात. हा शब्द डॉक्टरी पुस्तकातला नाही, विकणाऱ्यांनी काढलाय, हे मला भावोजींनीच सांगितलं होतं. तेव्हा त्यांची अक्कल ठिकाणावर होती.

मी एकदा त्यांचा डबा द्यायला तिथं गेले होते. पाकिटं भरायच्या हॉलवर पत्र्याची एक खोली, खालून यंत्रांची खडखड, आणि सगळीकडे हिरवा धुरळा. टेबलावर, पंख्याच्या पात्यांवर, भावोजींच्या कानाच्या पाळ्यांवरसुद्धा. ताई त्यांच्या कॉलरी घासून घासून दमते, तरी शर्ट हिरवट तो हिरवटच.

त्यांची लिहायची रीत मी त्या दिवशी पाहिली. प्रयोगशाळेतून एक कागद येतो, कशात काय किती आहे त्याचा. लोह जास्त असलं की भावोजी योद्धे काढतात. कॅल्शियम जास्त असलं की शंभरी गाठलेल्या, काठीशिवाय चालणाऱ्या म्हाताऱ्या. आणि काहीच जास्त नसलं की मौन धरून बसलेले तपस्वी, कारण त्यांना कुणी काही विचारायला जात नाही. सगळ्यात शेवटी, नाक मुरडत, ते सावधगिरीची ओळ लिहितात: मूत्रपिंडाचा आजार असल्यास डॉक्टरांना विचारा. ती ओळ ते पाकीट चिकटवतात त्या घडीजवळ ढकलतात. का, तर तिच्यामुळं भाषेची लय बिघडते.

आता खोटं कशाला बोलू, त्या वस्तू वाईट नाहीत. बियांनी पोट साफ राहतं. पाल्याच्या पावडरीत पाल्यात असतं तेच असतं, फक्त दाटून. धडधाकट माणसानं चमचाभर खाल्ली तर त्याचं काही बिघडत नाही. पण घरात रोज डाळ आणि पालेभाजी रांधणाऱ्या बाईला तेच मिळतं, आणि तिला त्यासाठी डोंगरातले योद्धे लागत नाहीत.

पुढं काय झालं, तर भावोजींची एक गोष्ट कुठल्याशा आरोग्य सदरवाल्यानं जशीच्या तशी उचलली आणि पेपरात छापली. योद्धे, मूठभर बिया, सगळं. भावोजी आमच्या घरी पेपर नाचवत आले.

"बघ, यावर संशोधन झालंय," म्हणाले.

"भावोजी, हे तुम्हीच लिहिलंय. याच खुर्चीत बसून योद्धे घेऊ की मेंढपाळ घेऊ म्हणून ताईला विचारत होतात."

"हो, पण मला ते सुचलं ना? उगाच कसं सुचेल? कुठंतरी खरं असल्याशिवाय पेपरवाले छापतील का?"

मी ताईकडं पाहिलं. ताई चहा गाळत होती. नवऱ्याचं काही चुकलं की ताईला नेहमी काहीतरी गाळायचं असतं.

त्या दिवसापासून भावोजींच्या अंगात आलं. स्वतः सोडलेली थाप पेपरात वाचून तिच्यावर विश्वास ठेवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. सकाळी शेवाळ, दुपारी बिया, संध्याकाळी वाळकी फळं. वर शेजाऱ्यापाजाऱ्यांना उपदेश. चांगला खाऊनपिऊन सुखी माणूस, पण गालफडं बसली तरी म्हणे अंगातलं विष निघतंय.

निघेना का, मला काय त्याचं. पण घरात आई होती.

आईची मूत्रपिंडं वर्षभरापूर्वीच कमजोर झाली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, खाण्यापिण्याला जपलं तर डायलिसिसच्या मशीनवर जायची वेळ टळेल, निदान बरीच लांबेल. रक्तातलं पोटॅशियम वाढता कामा नये. मशीन या शब्दाची आईला फार धास्ती होती. आमची आत्या त्याच मशीनला खिळून गेली, ते आईनं डोळ्यांनी पाहिलं होतं. "माझं काहीही कर, पण तिथं नको नेऊस," एवढंच ती मला म्हणाली.

म्हणून मी जपत होते. मी पडद्यांच्या दुकानात कापड बेतते, दिवसभर उभी असते. तरी सकाळी उठून भाजी बारीक चिरायची, पाण्यात भिजत टाकायची, ते पाणी ओतायचं, मग भरपूर पाण्यात उकडायची आणि तेही पाणी ओतायचं. डॉक्टरांच्या आहारवाल्या बाईंनी तसंच शिकवलं होतं. चव काय राहणार त्या भाजीला? आई मुकाट्यानं गिळायची.

एकदा भावोजी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून हे बघत होते. मी मोरीत पाणी ओतलं आणि त्यांनी असा सुस्कारा टाकला की जणू मी त्यांचंच रक्त ओततेय.

"सगळं सत्त्व ओतून देतेस गं. आईंना चोथा खायला घालतेस."

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर पुस्तकं वाचतात. हे ज्ञान पुस्तकांच्या आधीचं आहे."

मी चाळणी मोरीत आपटली. म्हटलं, आईच्या खाण्यात ढवळाढवळ केलीत तर याद राखा. ते हसले. मला ते अजून परकरातली पोर समजतात.

आईचा मात्र जावयावर भारी जीव. आईनं जन्मभर शाळेत मुलांना वाचायला शिकवलं. छापलेलं अक्षर म्हणजे तिला पूज्य. भावोजींचं प्रत्येक नवं पाकीट ती चष्मा लावून मागून वाचायची, "काय सुंदर लिहितात हो जावईबापू," म्हणायची. भावोजी मग हरभऱ्याच्या झाडावर चढायचे. त्यांना दाद देणारी या जगात एकटी आईच होती, आणि नेमकं तिच्यावरच त्यांनी उपकार करायचं ठरवलं.

मी दुकानात गेले की हे दुपारी डबा खायच्या सुट्टीत आईकडं यायचे. पेलाभर हिरवं पाणी ढवळून द्यायचे. मुलीनं ओतून दिलेलं सत्त्व भरून काढायला. वर गोष्ट सांगायची, नदीकाठच्या म्हाताऱ्यांची. "धाकटीला सांगू नका, उगाच चिडेल." आईला बेचव जेवणानं आयुष्य नको झालं होतं, त्यात कुणीतरी गोष्ट सांगून प्रेमानं पाजतंय. ती पीत गेली.

मला कळलं ते तिचे पाय उचलेनासे झाले तेव्हा. छातीत मध्येच ठोका चुकल्यासारखं होतंय, म्हणाली. रिक्षातून दवाखान्यात नेलं, तर तिथल्यांनी रक्त तपासून थेट आतच घेतलं. ताई आणि भावोजी मागून आले. भावोजींच्या बाहीवर हिरवा डाग होता. मी आईचं सामान भरताना उशीखालून हिरव्या पावडरीचं पाकीट निघालं होतं, ते माझ्या पर्समध्येच होतं. मी ते काढून डॉक्टरांच्या हातात दिलं. डॉक्टर वयानं लहान होत्या, पण बोलायला कडक.

"हे कुणी दिलं यांना? वाळवलेला पाला आहे हा. यांच्यासाठी विषच झालं की. पोटॅशियम इतकं वाढलंय की आत्ताच्या आत्ता मशीन लावावं लागेल."

खाटेवरून आई म्हणाली, "मीच आणलं. मीच विकत आणलं दुकानातून."

अहो, आईला जिना उतरवत नव्हता. कुठलं दुकान आणि कुठलं काय. जावयाची लाज राखायला ती बाई हाताला सुया टोचलेल्या असताना खोटं बोलली. मला वाटलं, आता तरी भावोजी तोंड उघडतील.

उघडलं.

"मी पण त्यांना तेच सांगत होतो, डॉक्टर," भावोजी म्हणाले, "की स्वतःच्या मनानं काही घेऊ नका."

मी बोलणार तेवढ्यात ताई बोलली. ताई, जिनं आजवर नवऱ्याच्या प्रत्येक अकलेवर पांघरूण घातलं, ती.

"खोटं बोलताहेत हे. ह्यांनीच दिलं. पाकिटावरचं तेही ह्यांनीच लिहिलंय."

डॉक्टरांनी पाकीट उलटं केलं. थोडं वाचलं. मग भावोजींकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही," भावोजी म्हणाले. आणि मग, देवाशपथ, मान जराशी ताठ करून म्हणाले, "लेखक आहे."

डॉक्टरांनी पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि नर्सला मशीनचं सांगितलं. ते मशीन पुढं कायमचंच लागलं. आजही आठवड्यातून तीनदा मी आईला तिथं घेऊन जाते. भावोजी येत नाहीत. त्यांना म्हणे तो वास सहन होत नाही.

पण त्या दिवशी ते तिथंच होते, खाटेच्या पायथ्याशी, काय करावं न सुचून चादरीची घडी नीट करत. आईला आत न्यायला माणसं आली तेव्हा तिनं त्यांचा उतरलेला चेहरा पाहिला असावा. मशीनच्या भीतीनं तिचे ओठ पांढरे पडले होते, तरी तिनं त्यांची बाही धरली.

"वाईट वाटून घेऊ नका, जावईबापू," आई म्हणाली. "तुम्ही लिहिलंतच इतकं छान. मला सगळं खरं वाटलं."