एका गावानं चुकणारा जादूगार

माझ्या कादंबरीतला जादूगार कमनशिबी होता, म्हणजे त्याला विद्या येत नव्हती असं नाही. विद्या चांगली होती, फक्त तिचा नेम एका गावानं चुकायचा. आपल्या गावच्या धानासाठी त्यानं पाऊस मागितला की तो शेजारच्या गावात, नेमका भर आठवडी बाजारात पडायचा. एकदा तो स्वतः अदृश्य व्हायला गेला, तर शेजारगावचा सरपंच दिसेनासा झाला आणि तिथल्या लोकांच्या ते कितीतरी दिवस लक्षातच आलं नाही. करायला गेला गणपती अन् झाला मारुती, तसला प्रकार. आमच्या बौद्ध घरात मात्र या म्हणीचीही पंचाईत होती, दोघांपैकी कोणीच चालत नव्हतं.

ही कादंबरी मी गोंदियात भाड्याच्या खोलीत, शाळेतून उरलेल्या वेळात लिहिली आणि नागपूरच्या एका हौशी प्रकाशकानं ती छापली. समीक्षकांचं मला काही पडलं नव्हतं, आमच्या भागाकडे ते फिरकतही नव्हते. मला हवं होतं एवढंच, की बाबांनी ती वाचावी आणि वाचताना हसावं. हे अवघड होतं. पुस्तक हातात आलं की बाबांचा चेहरा शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा व्हायचा.

अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या गावात विहारातलं वाचन बाबांकडेच होतं. वर्षावासाचे तीन महिने रोज धम्मग्रंथाचा एक पाठ ते वाचत, आणि मग 'यातून बोध काय' यावर चर्चा. बावीस प्रतिज्ञा त्यांना तोंडपाठ. अंगारा-धुपारा करणाऱ्या प्रत्येकाशी त्यांनी जन्मभर वैर धरलं होतं. त्यांनी माझ्या मुखपृष्ठावरची दाढी, टोपी आणि छडी पाहिली आणि पुस्तक खाटेवर पालथं घातलं.

"आमी जलमभर मांत्रिक घराबाहेर काढून राहिलो, आन् तू थ्याले पुस्तकात बसवून घरात आणून राहिली? काऊन?"

"बाबा, थ्याचे मंत्र चुकते. हासासाठी हाये थे."

"चुकते म्हंजे कधी कधी लागते, असाच अर्थ झाला न!"

यावर काय बोलायचं, हे बी.एड.ला शिकवत नाहीत.

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता होती, म्हणून मी गावी गेले. ग्रंथ आदल्याच दिवशी संपला होता. त्या दिवशी भन्तेजींची देसना, म्हणजे प्रवचन, आणि मग गावजेवण, असा बेत होता. पण भन्तेजी आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडून येणार होते आणि त्यांची बस चुकली. अंगणात भात शिजून तयार, विहारात माणसं बसलेली, आणि काही ऐकल्याशिवाय जेवायला उठायची आमच्याकडे रीत नाही. तेव्हा शेजारची काकी म्हणाली, "पोरीचं पुस्तक हाये न घरी, थेच वाचा." महिला मंडळानं एकमुखानं री ओढली. बाबा कुणालाही नकार देऊ शकत, महिला मंडळाला मात्र नाही. काकीनं स्वतः घरी जाऊन पुस्तक आणलं आणि रीतीप्रमाणे पांढऱ्या कपड्यात बांधून चौरंगावर ठेवलं.

बाबांनी कपडा सोडला, हात जोडले आणि ग्रंथ वाचावा तसं वाचायला सुरुवात केली. संथ, जड, वाक्यावाक्याला थांबत. पाऊस बाजारात पडला. सरपंच दिसेनासा झाला. माणसं हात जोडून ऐकत होती, हसलं कोणीच नाही. काकीनं तर पदरानं डोळे पुसले, "बिचाऱ्याले किती तरास!" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. विनोदी लेखकाला शिव्या परवडतात, श्रद्धा परवडत नाही.

मग उडत्या खाटांचं प्रकरण आलं. आपल्या गावात उडत्या खाटांचा थांबा व्हावा म्हणून जादूगार वर्षानुवर्षं मंत्र म्हणतो. शेवटी थांबा उभा राहतो, छप्पर आणि बाकासकट, पण शेजारच्या गावात. तो पाहून जादूगार तिथेच बसून रडतो. हे मी कल्पनेतून काढलंय असं मला लिहिताना खरंच वाटलं होतं. विहारातल्या साऱ्या माना बाबांकडे वळल्या तेव्हा कळलं, कल्पना कुठून आली होती. एसटीच्या थांब्यासाठी बाबांनी अर्ज करकरून चपला झिजवल्या होत्या. थांबा मंजूरही झाला होता, आणि कुणाच्या तरी चुकीनं शेजारच्या गावात बांधला गेला होता.

बाबा थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि तेच वाक्य मनातल्या मनात परत वाचलं. आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. बाबा हसत होते, भर विहारात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते हसले म्हटल्यावर साऱ्यांना परवानगी मिळाली. काकी तर ठसका लागेपर्यंत हसली.

हसणं ओसरल्यावर कोणीतरी रीतीप्रमाणे विचारलंच, बोध काय?

"बोध राहू द्या. पोरीनं एक चूक केली," बाबा म्हणाले. "थांबा पाहून थो रडला, असं लिवलं इनं. कायले रडंल थो? थ्या गावच्या लोकायच्या डोक्यावर छप्पर तं आलं न!"

"साधू, साधू, साधू," पाठ संपल्यावर म्हणतात तसं सगळे म्हणाले आणि जेवायला उठले.

दुसऱ्या दिवशी माझी बॅग घेऊन बाबा मला शेजारच्या गावापर्यंत सोडायला आले. थांब्यावर बकऱ्या बसल्या होत्या. त्यांनी त्या हाकलल्या, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं बाक झटकला आणि मला म्हणाले, "बस न आरामात. आपलाच हाये."