बारा फुटांवरचा ड्रमसेट

लोखंडी सांगाडे बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे क्रेनताई म्हणत. छताजवळ क्रेनच्या केबिनमध्ये बसून बावीस वर्षं तिने टनावारी लोखंड उचललं, पण कुणाला खरचटूही दिलं नव्हतं. तोंडाने फटकळ, हुकाखाली उभ्या राहिलेल्या साहेबांनाही हाकलून लावायची.

तिची भाची एका हेवी मेटल बँडमध्ये ड्रम वाजवायची. लहानपणी पातेली बडवून घर डोक्यावर घ्यायची, म्हणून घरात तिचं नावच टणटण पडलं होतं. बँडचं पहिलं गाणं येणार होतं. त्याचा व्हिडिओ सुट्टीच्या दिवशी कारखान्यात करायचं ठरलं आणि दिग्दर्शकाला ड्रमसेट अधांतरी लटकलेला हवा होता.

"मावशी, तू उचलणार असशील तरच मी बसेन," टणटण म्हणाली.

"आणि तुझ्या आईला काय सांगू?"

"काहीच सांगू नकोस."

क्रेनताईने मालकांची परवानगी घेतली. बारा फुटांच्या वर एक इंच नाही, असं दिग्दर्शकाला बजावलं. ड्रमसेट मांडलेल्या लोखंडी चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांना चार तारदोर होते, प्रत्येकाला कडी आणि कडीत आट्यांची पिन. पिना तिने स्वतः पिळून पाहिल्या. पण टणटणला चौथऱ्याशी बांधून ठेवणारा कमरेचा पट्टा कॅमेऱ्यात दिसतोय म्हणून दिग्दर्शकाने तो काढायला लावला, तेव्हा भाचीचा उतावळा चेहरा बघून ती गप्प बसली.

चौथरा वर गेला. खाली कर्णे दणाणले, गायक घसा फोडून ओरडू लागला आणि टणटणचे दोन्ही पाय पेडलवर धडधडू लागले. केबिनची काचसुद्धा थरथरत होती.

दुसरं कडवं सुरू झालं तेव्हा क्रेनताईला मागच्या डाव्या कोपऱ्यावर काहीतरी चमकताना दिसलं. तिने डोळे बारीक केले. हादऱ्यांनी पिन फिरत होती. अर्धी बाहेर आली होती.

तिचा हात भोंग्याकडे गेला आणि तिथेच थांबला. भोंगा वाजला तर पोरगी दचकून उठेल, आणि उठली की भार नेमका त्याच कोपऱ्यावर जाईल. ती बसून राहायला हवी होती. म्हणजे वाजवत राहायला हवी होती.

क्रेनताईने दांडा अगदी हळू मागे ओढला. चौथरा खाली सरकू लागला. दिग्दर्शक हात उडवत वर वर म्हणून खुणा करू लागला. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. दहा फूट. आठ. टणटणने एकदा मान वर करून केबिनकडे पाहिलं. क्रेनताईने फक्त मान डोलावली, वाजव म्हणून. पोरगी डोळे मिटून आणखी जोरात वाजवू लागली.

जमीन हातभर राहिली असताना पिन निसटली. कोपरा धाडकन आपटला, झांजा घरंगळल्या, टणटण कुशीवर पडली. कोपर सोलवटलं, एवढंच. गाणं मात्र तसंच वाजत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेनताई बहिणीकडे गेली आणि तिने सगळं सांगितलं.

"पट्टा काढू दिलास तू?" बहिणीने विचारलं.

"दिला."

"मग कशाला आलीस?"

त्यानंतर बहिणीने तिच्याशी बोलणं टाकलं. क्रेनताई कामावर जात होती, पण कुठलाही भार उचलण्याआधी तीनतीनदा खाली उतरून कड्या तपासायची. सहकारी वैतागले, तरी तिने ऐकलं नाही.

महिन्याभराने गाणं आलं. दिग्दर्शकाने तो खाली येणारा ड्रमसेट व्हिडिओत तसाच ठेवला होता. लोकांना वाटलं, मुद्दामच केलंय. त्यावर सगळे फिदा झाले. क्रेनताईने व्हिडिओ अर्धाच पाहिला आणि फोन पालथा ठेवला.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला.

"पाहिलं मी. कार्टी चांगलं वाजवते."

"हो."



"तिला खाली आणताना तुझे हात कापत होते का गं?"

"तेव्हा नाही. नंतर कापले. अजून कापतात."

"जेवायला ये," बहीण म्हणाली. "तीही येतेय."

क्रेनताईने चपला घातल्या आणि कुलूप लावलं.