टाकीवरची तार

आमचा संघदीप बोरी अरबचा लाइनमन. माझा धाकटा भाऊ, बेचाळीस वर्षांचा घोडा झाला, पण एका जागी बूड टेकवणार नाही. यंदाच्या उन्हाळ्यात तं त्यानं मले पार वैताग आणला.

त्याले कारण पुसदचे उकंडा काका. खांबावर चढणं, हौशी लायसन काढून बिनतारी सेटवर मोर्सची टकटक करून बोलणं, सारं त्यांनीच शिकवलेलं. काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं अन् आवाजच गेला. तवापासून ते कोणाले तोंड दाखवत नव्हते. संघदीप दोनदा गेलता, तं पाटीवर लिहून बाहेर धाडलं, येऊ नको. काकू सांगे, रोज सकाळी अकराले सेटपाशी बसतात, पण आपणहून कोणाले टकटक करत नाहीत.

"मले त्यायच्याशी बोलायचंच आहे, ताई," तो म्हणे, अन् भरल्या ताटावरून उठे.

मंग त्यानं सेटासाठी एरियलची तार बनवली. साध्या वायरीचे दहा-दहा मीटरचे दोन तुकडे, मधात प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा, तिथून सेटकडे केबल. गुंडाळली की पिशवीत मावे. सेट मोटरसायकलच्या बॅटरीवर. तार आधी निंबावर बांधली. कोलकाता बोललं, पुसद मुकं. मंग गावच्या पाण्याच्या टाकीवर चढवली. कोलंबो बोललं, पुसद मुकंच. मी म्हटलं, बावा, काकालेच बोलायचं नसंल तं? त्यानं माझ्याकडे असं पाह्यलं की मलेच रडू आलं. जीभ झडो माझी.

शेवटी कोलकात्याच्या माणसानंच सांगितलं, जवळ बोलायचं तं तार खाली घे. उंच तारेचा आवाज जवळच्याच्या डोक्यावरून निघून जातो. खालची तार त्याले सरळ आभाळात फेकते, अन् तो आजूबाजूलेच उतरतो.

संघदीपले पटलं, तार टाकीवरून काढून अंगणात आणली, पण खाली बांधाले हात धजेना. लोंबती तार म्हणजे मुडदा, हे काकांनीच डोक्यात ठोकलेलं. वीस वर्षं तो लोंबत्या तारा वर ओढत आलता. जराशी खाली घे, परत चढव, असं त्याचं चालू. अकराले पाच कमी. माझं टाळकं सरकलं. दोरी हिसकावली अन् अंगणातल्या दोन लाकडी बल्ल्यांना, हात वर केला की लागंल एवढ्यावर, तार मीच बांधली. त्यानं तिच्यावर लाल चिंधी अडकवलीच, अन् मले तारेपासून दूर उभं केलं.

अकराले त्यानं टकटक केली. काही नाही. परत केली. मंग सेटातून बारीक टकटक आली, थांबत थांबत.

"काकाचाच हात आहे," तो म्हणाला, अन् कागदावर एकेक अक्षर उतरवू लागला. अक्षरं इंग्रजी, बोली आपली. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं.

"महिनाभर वाट पाहून राह्यलो. घरी ये."

त्यानं उत्तराची टकटक केली. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा जमलं, येतो.