हंसाची छाप

मकरपुऱ्यातल्या आमच्या लहानशा कारखान्यात पितळी नळ बनायचे. प्रत्येकावर हंसाची छाप असे. तो हंस माझ्या यजमानांनी स्वतः काढला होता आणि ट्रेडमार्क म्हणून रजिस्टरही केला होता. मुदत संपण्याआधी ते न चुकता नूतनीकरण करून घेत.

पुढे बाजारात तोच हंस असलेले हलके, स्वस्त नळ आले. यजमानांनी दावा लावला. कोर्टाने मनाई केली, तर तोच माल दुसऱ्या पेढीच्या नावाने येऊ लागला. मग पुन्हा नवा दावा, पुन्हा तारखा.

एकदा फतेगंजमधल्या दुकानदाराला आम्ही आमचा नळ दाखवला. त्याने तो हातात तोलला आणि परत दिला.

"काका, आ तो डुप्लिकेट छे. ओरिजिनल हलको आवे."

"हा हंस माझा आहे," यजमान म्हणाले. एरवी बाजारात ते गुजरातीच बोलत, त्या दिवशी मराठीत बोलले. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्यानंतर लवकरच कारखाना बंद झाला. तरी मुदत आली तेव्हा त्यांनी नूतनीकरण केलंच.

"आता कशाला?" मी विचारलं.

"आपण सोडला तर तो त्यांचा होईल."

ते गेल्यावर काही वर्षांनी वकिलांचा फोन आला. मार्क बरीच वर्षं वापरात नाही, म्हणून तो रद्द करावा, असा अर्ज त्याच नकली मालवाल्यांनी केला होता.

"लढायचं का, ताई?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.