आडवा बाजार, उभा रथ

ये गं, अशी जवळ सरक. किती दिवसांनी उगवलीस! आणि आल्या आल्या कोड्याचं उत्तर मागच्या पानावर बघतेस? अगं, आम्हाला उत्तरासाठी पुढच्या अंकाची वाट बघावी लागे. तो आठवडा भांडणात कसा मजेत जाई, ते ऐक.

एकोणीसशे पन्नासच्या आसपास लग्न होऊन साताऱ्याहून मी इथे कलकत्त्याच्या भवानीपुरात आले. मराठी साप्ताहिक मुंबईहून टपालानं यायचं. त्यातलं शब्दकोडं मामंजींचं. माझे सासरे म्हणजे कलकत्त्यातच जन्मलेले शाळामास्तर. कोडं थेट शाईनं भरायचे! अंक माझ्या हाती येईपर्यंत एक चौकोन रिकामा राहत नसे. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं शिक्षण वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर. एकदा तरी कोरं कोडं आपल्याला मिळावं, एवढीच माझी हाव.

सुनेनं सासऱ्यांशी समोरासमोर बोलायची तेव्हा आमच्याकडे रीत नव्हती. मी स्वयंपाकघराच्या दारात, ते दोन हातांवर आरामखुर्चीत, आणि बोलणं सगळं सासूबाईंमार्फत.

एकदा पाहते तर, 'गृहस्थाचा सकाळचा पहिला उद्योग, तीन अक्षरं', इथे मामंजींनी ठोकलेलं, 'बाजार'.

"सासूबाई, मामंजींना सांगा, तिथे 'पूजन' हवं."

"पूजन? पिशवी घेतल्याशिवाय इथल्या कुठल्या गृहस्थाचा दिवस उजाडतो? देव थांबतात. ताजे पटोल थांबतात का, विचार तिला!"

ते खरंच. इथल्या बाबूलोकांसारखे तेही सकाळी पटोल, वांगी अशी भाजी स्वतः निवडून आणायचे. पण त्या 'बाजार'चा 'र' उभ्या शब्दात उतरला होता ना! 'ठेवणीतलं, मिरवायचं', आणि उत्तर काय, तर 'रथ'!

"रथ कुणाच्या ठेवणीत असतो, सासूबाई? 'नथ' असणार. तुमची-माझी पेटीतच आहे की!"

"रथसुद्धा वर्षातून एकदाच, रथयात्रेला, बाहेर काढतात. तिला म्हणावं, या शहरात राहतेस, जरा डोळे उघडून बघ!"

"मला मेलीला पोस्टमन केलंय दोघांनी," सासूबाई करवादल्या. "तिकडे आमटी उतू चाललीय. ज्याचं बरोबर येईल, पुढचं कोडं त्याचं. सुटले मी!"

पुढचा अंक आला. पूजन. नथ.

मामंजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "या माणसानं जन्मात स्वतः वांगं निवडलेलं नाही. यानं कोडी रचूच नयेत." पण शब्दाला पक्के. कोरा अंक पेनासकट माझ्यापुढे ठेवला आणि पहिल्यांदाच थेट मला म्हणाले, "घे, सूनबाई."

मी पदर खोचून बसले. मामंजी पिशवी काखेत मारून पाठीमागे उभे.

"तिसरं चुकलं."

"नाही चुकलं, मामंजी!" मीही थेट.

"अहो, बाजार!" आतून सासूबाई.

"हो, हो, निघालोच. पण ते पाचवं बघ आधी..."

ते पोचले तेव्हा भाजीवाल्याकडे नुसता भोपळा उरला होता. मग काय, अंक आला की आमच्याकडे भोपळा, हे शेजारच्या बंगाली वहिनींनाही पाठ झालं.

आता कोरं कोडं रोज माझंच असतं गं. पण खोड काढायला कुणी नाही. घरातले न बघताच म्हणतात, "बरोबर आहे, आजी." यात कसली मजा? म्हणून म्हणते, येत्या रविवारी ये. मागचं पान मी आधीच फाडून ठेवते. भोपळा खावा लागेल, पण ये.