आत्याने हात काढून घेतला

ऐंशी-पंच्याऐंशीच्या काळात मी कांजूरमार्गला एका फाउंड्रीत होतो. एका सकाळी लोखंडी साचा उचलताना कंबरेत काडकन वाजलं आणि मी तिथेच बसलो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फळीवर झोपून राहायला सांगितलं.

बारा दिवस झाले, पण दुखणं हटेना. माझ्याच खात्यातला वर्सोव्याचा एक कोळी दोस्त घरी आला. म्हणाला, "गोळ्यांनी कंबर सरळ होते काय रे? चल माझ्या आत्याकडे."

आत्या सकाळी मासळी विकायची आणि दुपारी ओटीवर बसून लोकांच्या कंबरा बसवायची. आम्ही पोचलो तेव्हा दोघांनी एका खलाशाला धरून आणलं होतं, अगदी कमानीसारखा वाकलेला. तिने त्याला कुशीवर निजवलं, पाठीवरून बोटं फिरवली, कानाशी वाकून काहीतरी विचारलं, गुडघा टेकवला आणि एकच हिसका दिला. खलाशी ओरडला, मग गप्प झाला. थोड्या वेळाने आपला आपण उठून चालत घरी गेला. मी बघतच राहिलो.

मग माझी पाळी. तिची बोटं कंबरेवर आली, थांबली. तिने माझ्या मांडीला आतल्या बाजूने चिमटा काढला.

"कळतंय?"

"काय?"

तिने दोस्ताला बाहेर पाठवलं आणि हळूच विचारलं, "पोरा, लघवीला नीट होतं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळपासून होत नव्हतं. कंबरेशी त्याचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आत्याने हात काढून घेतला. "हे माझं काम नाय. टॅक्सी कर, मोठ्या इस्पितळात जा. घरी पण जाऊ नको."

त्याच संध्याकाळी माझं ऑपरेशन झालं. मणक्यातली सरकलेली गादी शिरा दाबून बसली होती. दुसऱ्या दिवशी सर्जननी विचारलं, "तुम्हाला कोणी पाठवलं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "अजून एक-दोन दिवस गेले असते तर मीही काही करू शकलो नसतो. त्या बाईंना माझा नमस्कार सांगा."

चालायला लागल्यावर नारळ घेऊन वर्सोव्याला गेलो आणि नमस्कार पोचवला. ती लाजली. मी विचारलं, "आत्या, तुम्हाला कसं समजलं?"

ती समुद्राकडे बघत म्हणाली, "माझ्या दिराला असंच झालेलं. मला म्हायती नव्हतं, मी हिसका दिला. तो परत उभा नाय राहिला. तवापासून मी आधी विचारते, मगच हिसका देते."

आतल्या खोलीतून कोणीतरी "वहिनी" अशी हाक मारली. ती पेजेची वाटी घेऊन उठली. दाराच्या फटीतून मला खाटेवरचा माणूस दिसला. तिने त्याला उशीला टेकवून बसवलं आणि चमच्याने भरवू लागली.