हळद लावलेली नाणी

घरी पाहुणे आले की माझा मुलगा त्यांना हमखास सांगतो, "बाबा बँकेतून नाण्यांचे रोल आणून त्यांत चांदी शोधायचे." हे साफ खोटे आहे. इथल्या चलनी दिरहमात चांदी नसते, हे शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात तीस वर्षे लेथवर धातू कापलेल्या माणसाला शिकवण्याची गरज नाही. मी शोधत होतो ती स्मरणनाणी. त्यांवर नेहमीच्या कॉफीच्या सुरईऐवजी कुठल्याशा वर्धापनाचे चिन्ह असते, आणि लोक ती न पाहताच सुटे म्हणून देऊन टाकतात.

निवृत्तीनंतर मी अजमानला मुलाकडे राहू लागलो, तेव्हाची ही गोष्ट. दर गुरुवारी मी बँकेतून पन्नास-पन्नास नाण्यांचे चार रोल आणत असे, जेवणाच्या टेबलावर एकेक नाणे पारखत असे आणि सोमवारी ते सारे परत भरत असे. तपासलेलीच नाणी फिरून माझ्या गळ्यात पडू नयेत म्हणून मी एक युक्ती योजली होती. रोल बांधण्यापूर्वी नाण्यांच्या चळतीवरून, सगळ्या बाजूंनी, ओल्या हळदीचे बोट फिरवायचे. कडेच्या कंगोऱ्यांत हळद चांगली बसते.

सून म्हणाली, "बाबा, हळद तर झाली. मुहूर्त कधीचा धरलाय?"

बँकेच्या खिडकीवरचा तरुण रत्नागिरीकडचा मुसलमान होता. तोही मागे राहिला नाही. "चाचा, मॅनेजर विचारत होता, मशीनमध्ये बिर्याणी कोणी शिजवली."

मी हळद लावतच राहिलो. माझ्या बोटांखालून खोटे माप कधी सुटले नव्हते. नाणे काय सुटणार?

मुलगा म्हणतो, मी दोन महिने तीच ती नाणी तपासत होतो. हेही खोटे. पिवळ्या कडांचा रोल परत आला तो एकदाच. "हा झालेला आहे," असे सर्वांसमक्ष जाहीर करून मी तो बाजूला सारला आणि चहा घेऊ लागलो. माझ्या नऊ वर्षांच्या नातीने तो रोल उगाचच फोडला.

"आजोबा, धिस वन इज डिफरंट."

त्यावर सुरई नव्हती.

मुलाने मान वर केली. "बाबा, हा रोल तुम्ही तपासला होता ना?"

"बँकेने हे नाणे नंतर मिसळले असणार," मी म्हणालो. "तसे असेल तर त्याच्या कडेला हळद नसेल. बघू इकडे."

नाणे घेऊन मी खिडकीपाशी गेलो. नात माझ्या मागोमाग आली. उजेडात कड पाहिली. प्रत्येक कंगोऱ्यात हळद होती. घरच्यांकडे पाठ करून मी अंगठा जिभेला लावला आणि कड सावकाश पुसून काढली.

"पाहा. स्वच्छ आहे."

मुलाने नाणे फिरवून पाहिले आणि मान डोलावली. सुनेने नाण्याला काचेच्या कपाटात जागा दिली. नातीने फक्त एक टिश्यू पेपर आणून माझ्या कपाजवळ ठेवला.

चांदीची गोष्ट मी आजही पाहुण्यांसमोर मुद्देसूद खोडून काढतो. मात्र माझ्या बोटांच्या पारखीचा विषय निघाला, की नात अभ्यासाच्या वहीतून डोके वर काढते आणि माझ्या अंगठ्याकडे पाहते. मग मी पाहुण्यांना चहा घेण्याचा आग्रह करतो.